रस्त्यापासून खिडकीपर्यंत : कोकणातील गावात दिव्यांगांसाठी वाट सलग कशी करावी

कोकणातील वस्ती उतारावर असते आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून इमारतींची जोती उंच बांधलेली असतात. त्यामुळे दवाखाना, बँक, ग्रंथालय किंवा किराणा दुकान यांपैकी कोठेही शिरायचे तर आधी तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतात. यावर उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी दारासमोर एक रॅम्प बांधला जातो आणि काम झाले असे समजले जाते. प्रत्यक्षात रिक्षातून उतरल्यापासून खिडकीवर काम होऊन परत रिक्षात बसेपर्यंतची वाट कोठेही न तुटता पार पडली, तरच ती इमारत सुगम म्हणता येते. मधला एक उंबरासुद्धा सगळे काम वाया घालवतो.

आधी पाहणी

संपूर्ण शहर एकदम हाती घेऊ नये. एसटी स्थानक, नगरपरिषद, ग्रामीण रुग्णालय, एखादी बँक आणि मासळी बाजार अशी रोजच्या वापरातील चार-पाच ठिकाणे निवडावीत. पाहणीला व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, पांढरी काठी वापरणारी एक अंध व्यक्ती, एक कर्णबधिर व्यक्ती, वॉकर घेऊन चालणारे एखादे आजोबा आणि एक जाणता गवंडी असावा. गवंडी हवाच, कारण काय बदलता येईल आणि किती खर्चात, हे त्याला जागेवरच सांगता येते.

सोबत मोजपट्टी, दोरी, गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल नळी आणि एक वही पुरे. आमच्या तालुक्यातील एका कार्यालयात आम्ही अशी मोजणी केली, तेव्हा जोते तीस इंच उंच आणि रॅम्प अवघा नऊ फूट लांब निघाला. त्याच्या पायथ्याशी गटारावरची लादी फुटलेली होती आणि वरच्या टोकाला दार बाहेर उघडत होते, म्हणजे दार उघडण्यासाठी खुर्ची त्याच चढावर मागे घ्यावी लागे. खुर्चीवरील काकांनी खालूनच पाहून सांगितले, “ह्यो रॅम्प नाय, घसरगुंडी आसा.” त्या दिवशी वहीत लिहिलेल्या सर्व नोंदींपेक्षा हे एक वाक्य अभियंत्यांना लवकर समजले.

उताराचे गणित

मान्य प्रमाण १:१२ आहे. गवंड्याला ते असे सांगावे : चढायच्या प्रत्येक इंचाला एक फूट लांबी. म्हणजे वरील तीस इंचांसाठी तीस फूट रॅम्प हवा होता. इतकी जागा समोर नसेल तर रॅम्प इमारतीच्या बाजूने वळवून न्यावा, परंतु वळणावर आणि दोन्ही टोकांना सुमारे पाच फूट लांब-रुंद सपाट जागा सोडावी, कारण खुर्ची वळवायला १५०० मिलिमीटर लागतात. एका सलग चढाची लांबी नऊ मीटरपेक्षा जास्त ठेवू नये. त्यापुढे विसाव्याचा टप्पा द्यावा. रुंदी किमान १२०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना ७६० आणि ९०० मिलिमीटर अशा दोन उंचींवर आधारदांडे, आणि चाक खाली घसरू नये म्हणून कडेला चार बोटे उंच कड असावी.

खारी हवा हा आपल्याकडचा वेगळा प्रश्न आहे. साध्या लोखंडी नळीचा दांडा किनाऱ्याजवळ थोड्याच वर्षांत गंजतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि हात कापतो. शक्य असल्यास ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. ते महाग पडते, पण गंजलेला दांडा बदलण्याचा खर्च दुसऱ्यांदा कोणी मंजूर करत नाही, हा अनुभव आहे.

पृष्ठभागाबाबत मात्र कोणतीही तडजोड नको. गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा चकचकीत लादी जूनमध्ये पहिल्याच पावसात धोकादायक ठरते, आणि उघड्या जांभ्यावर शेवाळ धरते. ओल्या काँक्रीटवर झाडूने उताराला आडव्या रेघा ओढून खरखरीत कोबा करणे सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित. कौलांच्या पागोळ्या थेट रॅम्पवर पडत असतील तर आधी पन्हळ बसवावी, नाहीतर त्या रेषेवर शेवाळाचा हिरवा पट्टा हमखास तयार होतो. वाटेत गटाराची जाळी असेल तर तिच्या फटी अर्ध्या इंचापेक्षा कमी आणि जाण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात. उभ्या फटीत खुर्चीचे पुढचे लहान चाक अडकते, आणि काठीचे टोकही.

दाराच्या आत

दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर हवी. जुन्या वाड्यात भरणाऱ्या कार्यालयांत दुपाखी दारे असतात आणि त्यांतले एकच पाखे उघडे ठेवण्याची सवय असते. ही अडचण दूर करायला एक रुपयाही लागत नाही. उंबरा काढता येत नसेल तर दोन्ही बाजूंनी सिमेंटचा लहान उतार द्यावा. केसपेपरची किंवा पैसे भरण्याची निदान एक खिडकी ७५० ते ८०० मिलिमीटर उंचीवर असावी आणि खाली गुडघ्यांना मोकळी जागा ठेवावी.

स्वच्छतागृह हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते, आत खुर्ची वळेल इतकी जागा, ४५० ते ४८० मिलिमीटर उंचीचा कमोड आणि भिंतीत पक्का बसवलेला आधारदांडा, एवढ्या गोष्टी पाहाव्यात. दांड्याला पाहणीतच पूर्ण वजन टाकून लटकून पाहावे. त्यानंतर किल्ली कोणाकडे असते ते विचारावे, कारण अनेक ठिकाणी ही खोली कुलूपबंद असते आणि आत झाडू, जुनी दप्तरे आणि ब्लिचिंग पावडरची पोती ठेवलेली असतात.

अंध व्यक्तींसाठी बसवलेल्या पिवळ्या लाद्यांमध्ये लांब रेघांची लादी दिशा दाखवते, तर ठिपक्यांची लादी थांबण्याची सूचना देते. त्या उलट-सुलट बसवल्या गेल्या, किंवा ओळ विजेच्या खांबावर जाऊन संपली, तर लाद्या नसलेल्या बऱ्या. कर्णबधिर व्यक्तीसाठी पुकारा करण्याऐवजी टोकनचा क्रमांक फलकावर दिसावा. तेवढी सोय नसेल तर खिडकीवर पाटी-पेन्सिल ठेवावी आणि बोलताना कर्मचाऱ्याने तोंड समोर ठेवावे.

दुकानदारांशी बोलणे

बाजारपेठेतील दुकान थेट रस्त्यावर उघडते. पाच इंचांच्या पायरीला पाच फूट रॅम्प हवा आणि तो बांधला तर रस्ताच अडतो. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमचा घडीचा रॅम्प किंवा खाली रबर लावलेली भक्कम फळी ठेवावी आणि बाहेर हाताला येईल अशा उंचीवर घंटी लावावी. सुरुवात औषधांच्या आणि रास्त भाव दुकानांपासून करावी. रेशनचे अंगठा घेणारे यंत्र तारेविना चालते, ते बाहेर आणून देण्यात कोणतीही अडचण नसते. घंटी वाजवून रस्त्यावर माल घेणे ही तात्पुरती सोय आहे. तिला प्रवेश म्हणू नये. तसेच रॅम्पच्या पायथ्याशी पिवळा पट्टा मारून तेथे बाजूला चाके लावलेल्या स्कूटरांना जागा राखावी, अन्यथा तेथे इतरांच्या दुचाक्या लागतात.

कायदा आणि पैसा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारत म्हणजे केवळ सरकारी इमारत नव्हे. लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतीही त्यात येतात. कलम ४४ प्रमाणे सुगमतेचे निकष न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, म्हणून नव्या इमारतीची हरकत नकाशा मंजूर होण्यापूर्वीच नगरपरिषदेत लेखी द्यावी. जुन्या इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत संपलेली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर हे निकष केवळ शिफारशी न राहता बंधनकारक असले पाहिजेत, असे स्पष्ट केले. अर्जात ही वाक्ये आणि पाहणीतील मापे दोन्ही लिहावीत. उत्तर न आल्यास पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

नगरपरिषदेने उत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. माझ्या मते रॅम्पचा खर्च त्यातून मागू नये. तो पैसा माणसांच्या थेट उपयोगाचा आहे, तर इमारत सुगम करणे हे इमारतीच्या दुरुस्तीचेच काम असल्याने ते दुरुस्तीच्या शीर्षाखाली मागावे.

पावसाआधी आणि पावसात

मे महिन्यात रॅम्प ब्लिचिंग पावडरने घासून धुवावा, आधारदांड्यांचे सांधे तपासावेत आणि फुटलेल्या लाद्या बदलाव्यात. हे काम कोणत्या कर्मचाऱ्याचे, ते त्याच्या हुद्द्यासह लेखी ठरवून घ्यावे. आणि पहिल्या पाहणीच्या दिवशीच वहीत जुलैमधील एक तारीख लिहून ठेवावी. त्या दिवशी पाऊस चालू असताना त्याच मंडळींनी, छत्री धरायला हात मोकळा राहतो का हे पाहत, तीच वाट रिक्षापासून खिडकीपर्यंत पुन्हा एकदा करावी.