झाडावरच्या कोंबड्या: आमच्या आखाड्यावरची पद्धत

अंबाजोगाई तालुक्यात आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर नि गोठा, आहे. सध्या सतरा गावरान कोंबड्या नि दोन कोंबडे. खुराडं आहे, पण पत्र्याचं. एप्रिल-मेमध्ये रात्री दहा वाजतासुद्धा आत भट्टी. म्हणून आमच्या कोंबड्या झाडावर झोपतात. आत्याबाईंच्या काळापासून तेच चालू आहे. पण कोंबडी फांदीवर बसली म्हणजे वाचली, असं समजू नका. मुंगूस दिवसाच फिरतं, खोकडाला (छोट्या कोल्ह्याला) चढता येत नाही, पण उदमांजर आणि बोका रात्री सरसर वर जातात. झाडाला दार आपणच लावायचं असतं.

आधी झाड निवडा. चिंच सगळ्यात चांगली, पाला दाट, वरून घुबडाला काही दिसत नाही. कडुलिंब चालतो, पण शिमग्याच्या आसपास पानगळ होऊन तो उघडा पडतो. तेवढे दिवस डोळा ठेवा. शेवगा नको, वाऱ्यानं फांदी कडकन मोडते. बाभळीला काटे असतात, कोंबड्यांना त्याचं काही वाटत नाही. खालची फांदी जमिनीपासून सहा-सात फुटांवर असावी. गावरान कोंबडी तेवढं उडते. गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातीच्या कोंबड्या पाळायच्या असतील तर झाडाचा नाद सोडा, त्या अंगानं जड.

आता ते दार. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा घ्या, बूड नि तोंड कापा, एका कोपऱ्यावर उभा चिरून उघडा. साधारण तीन फूट लांब, फूटभर रुंद पत्रा मिळतो. असे दोन पत्रे एकाखाली एक, थोडे एकमेकांवर चढवून, जमिनीपासून चार फुटांच्या वर बुंध्याभोवती गुंडाळा. बुंधा जाड असेल तर डबे वाढवा. खिळे मारू नका, तारेनं बांधा आणि दरवर्षी दिवाळीला तार ढिली करा, नाहीतर ती सालीत रुतते. पत्र्याची कड आत वळवा, हात कापतो. गुळगुळीत पत्र्यावर जनावराची नखं धरत नाहीत. पत्र्याच्या खाली बोराटी (बोरीच्या काटेरी फांद्या) बांधली की आणखी बरं. मग झाडाभोवती फिरून वर बघा: घराचं छप्पर, कडब्याची गंज, विजेचा खांब, शेजारचं झाड, कुठूनही उडी मारता येईल अशी फांदी असली तर छाटा. आमच्या गोठ्याच्या पत्र्यावरून बोका दोनदा आला, तेव्हा कुठं मला ही अक्कल आली.

तलंगांना (अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना) सुरुवातीला चढायला कळक, म्हणजे बांबू, तिरका टेकवून देतो. त्या वर गेल्या की कळक लगेच काढायचा. दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या हळदीच्या रात्री तो तसाच राहिला. सकाळी चार कोंबड्या नव्हत्या, खाली पिसं. उदमांजराला मी शिव्या दिल्या, पण शिडी मीच लावून ठेवली होती.

नव्या कोंबड्यांना झाड आपलं वाटावं म्हणून दहा-पंधरा दिवस त्याच झाडाखाली जाळीत कोंडून ठेवा. मग रोज दिवस मावळायच्या आधी तिथंच ज्वारीची कणी टाका. एक जुनी कोंबडी चढली की बाकीच्या मागं जातात.

पिल्लंवाली कोंबडी वर जात नाही. दीड-दोन महिने ती पिल्लं घेऊन जमिनीवरच बसते, म्हणून रात्री तिला घरात डालग्याखाली झाका, वर दगड ठेवा. दिवसा घार, शिक्रा आणि कावळे. उन्हाळ्यात कावळ्यांच्या घरट्यात पिल्लं असतात, तेव्हा ते फार चेकाळतात. अंगणात तुराट्यांच्या (तुरीच्या वाळल्या काड्यांच्या) पेंढ्या दोन-तीन ठिकाणी तिरक्या उभ्या करून ठेवा, पिल्लं पटकन खाली घुसतात. कोंबड्याचा आवाज ओळखायला शिका: वर घार दिसली तर तो एक बारीक, लांब सूर काढून गप्प बसतो, मुंगूस-कुत्रं दिसलं तर कटकट-कटकट थांबतच नाही. पहिल्या आवाजाला आभाळाकडं बघायचं, दुसऱ्याला कुंपणाकडं.

कुंपणाला करंट सोडू नका. त्यानं माणसं मेली आहेत. विषही घालू नका, आपलंच कुत्रं मरतं. मुंगूस, उदमांजर, घुबड यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय मुंगूस साप मारतं, ते मला आखाड्यावर हवंच आहे.

सगळ्यात धोक्याची वेळ रात्रीची नाही, पहाटेची. तांबडं फुटलं की कोंबड्या खाली उड्या टाकतात आणि खोकड, मोकाट कुत्री तेव्हाच फिरतात. मी त्याच्या आधी हातात खराटा घेऊन अंगणात असते. आमचा कुत्रा काळ्या, झाडाखाली बांधलेला असतो.

खुराडं मात्र मोडू नका. २०१४ च्या गारपिटीत फांदीवरच्या सहा कोंबड्या गेल्या. तेव्हापासून आभाळ भरून आलं की खाली उतरवून आत. रात्री बॅटरी लावली तर कोंबडी हलत नाही, फळ काढावं तशी उचलता येते. मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीलाही हीच युक्ती: आधल्या रात्री उतरवून कोंडा, सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणा. मानमोडी आली की सगळं अंगण रिकामं करते, तेवढं घुबडाच्या बापाला जमत नाही.

आणि संध्याकाळी मोजा, पूर्ण अंधार पडायच्या आधी. एक कमी भरली तर तेव्हाच शोधा. परवा सोळाच भरल्या. कडब्याच्या गंजीत हात घातला तर लाल तुरेवाली खुडूक होऊन (अंडी उबवायला) बसलेली, खाली अकरा अंडी. टोचून टोचून हात लाल केला माझा.