सीलिअॅक असलेल्या पाहुण्यासाठी बेसनाचे लाडू
सीलिअॅक म्हणजे ग्लुटेन (गहू, जव यांसारख्या धान्यांतले प्रथिन) न सोसणारा आतड्याचा आजार. इंदूरच्या सराफ्यातली (तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारातली) जिलबी मैद्याची असते आणि गुलाबजामातही बहुधा मैदा पडतोच. म्हणून सीलिअॅक असलेल्या पाहुण्यासाठी बेसनाचे लाडू घरीच करावेत. मात्र गिरणीतले बेसन आणू नये, कारण ज्या जात्यावर आधी गहू दळला गेला त्याचे पीठ डाळीत मिसळते, आणि किलोमागे 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असलेले अन्न ग्लुटेनमुक्त मानले जात नाही. हरभऱ्याची डाळ निवडून, धुऊन, कडक उन्हात वाळवावी व स्वच्छ मिक्सरमध्ये बारीक दळावी. कणकेची चाळणी मुळीच वापरू नये. 2 वाट्या बेसन पाऊण वाटी तुपात मंद आचेवर खमंग भाजावे (घाई केल्यास लाडू कच्चट लागतात), कोमट झाल्यावर वाटीभर पिठीसाखर व वेलदोड्याची पूड घालून वळावेत.