आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर नीट ऐकू येत नाही? या चुका टाळा

माझी आत्या ८१ वर्षांची आहे आणि साताऱ्याला राहते. दर रविवारी संध्याकाळी तिच्या मुलीचा अमेरिकेतून लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल येतो. काही महिन्यांपूर्वी मी शेजारी बसलेलो असताना मुलीने विचारले, “आई, साखर किती आली?” आत्याने उत्तर दिले, “कालच आणली, दोन किलो.” प्रश्न रक्तातल्या साखरेचा होता. कॉल संपल्यावर आत्या मला म्हणाली, “आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत.” कमी ऐकू येणाऱ्या बहुतेक वृद्धांची अडचण नेमकी हीच असते आणि ती लक्षात न घेता आपण उपाय करायला जातो.

नुसता आवाज वाढवत राहणे

ही सर्वांत मोठी चूक आहे. वयोमानानुसार ऐकू कमी येऊ लागते तेव्हा सहसा बारीक, तीक्ष्ण आवाज आधी हरवतात आणि जाडे आवाज बरेच दिवस टिकून राहतात. आपल्या बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर जाड्या बाजूला असतात, तर स, श, फ, थ यांसारखी व्यंजने बारीक बाजूला. त्यामुळे कोणीतरी बोलत आहे हे कळते, पण ‘साठ’मधला ‘स’ गळून त्याचा ‘आठ’ होतो. औषधाच्या किंवा पैशांच्या बोलण्यात हा फरक किती महागात पडू शकतो, हे वेगळे सांगायला नको. शिवाय अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नसला, तरी थोडा मोठा झालेला आवाज एकदम कर्कश लागतो. लॅपटॉपचे छोटे स्पीकर पूर्ण वाढवले की आवाज फाटतो आणि उरलेली स्पष्टताही जाते.

म्हणून आवाज वाढवण्याआधी तो कानाजवळ आणावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले, तर आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीतला घुमणारा आवाज त्या मानाने मागे पडतो. अनेक लॅपटॉपचे स्पीकर खालच्या बाजूला असतात. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा आवाज गादीतच मुरतो. लॅपटॉप टेबलावर ठेवून वेगळा स्पीकर कानाच्या उंचीवर, हातभर अंतरावर ठेवावा किंवा सरळ कान झाकणारा वायरचा हेडफोन द्यावा. एका कानाने जास्त कमी ऐकू येत असेल, तर विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’खाली ‘ऑडिओ’मध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू करावा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज चांगल्या कानालाही मिळतो.

ब्लूटूथ हेडफोन आणून निश्चिंत होणे

आम्ही हेच केले होते. भजने सुंदर ऐकू येत होती, पण कॉल लागला की आवाज डब्यातून आल्यासारखा होई. कारण असे की नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनचा माइकही वापरात आला, की जोडणी ‘हँड्स-फ्री’ प्रकारात जाते आणि आवाजाचा दर्जा उतरतो. जुन्या पद्धतीच्या जोडणीत साधारण ४,००० हर्ट्झच्या वरचा, म्हणजे बारीक आवाजांचा भाग कापलाच जातो. ‘स’चा मोठा भाग त्याच्या वर असतो, म्हणजे आत्याला ज्याची सर्वांत जास्त गरज होती, तेच वाटेत गळत होते. झूम किंवा गूगल मीटच्या सेटिंग्जमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक आणि स्पीकर म्हणून हेडफोन निवडल्यावर बहुतेकदा फरक पडतो. तरीही जमले नाही, तर वायरचा हेडफोन लावावा.

श्रवणयंत्र काढून हेडफोन घालायला लावणे

श्रवणयंत्र त्या व्यक्तीच्या तपासणीप्रमाणे जुळवलेले असते, साधा हेडफोन तसा नसतो. म्हणून शक्यतो यंत्र कानात ठेवूनच ऐकावे. कानामागच्या यंत्राचा माइक कानाच्या वर असतो, त्यामुळे हेडफोनची वाटी तोही झाकेल इतकी मोठी हवी. यंत्रातून शिट्टी वाजू लागली, तर वाटी किंचित सरकवून बघावी. काही यंत्रांमध्ये आवाज थेट ब्लूटूथने घेता येतो, पण मोबाइलशी जुळणारे यंत्र लॅपटॉपशी जुळेलच असे नाही. ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) मॉडेल दाखवून विचारावे. कॉलआधी यंत्राची बॅटरी आणि नळीत अडकलेला मळ बघून घ्यावा. मात्र एका कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले, तर सेटिंग्जशी खेळत न बसता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

पलीकडच्या माणसाने काहीच न बदलणे

सगळा भार ऐकणाऱ्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. मोबाइल हातात धरून, स्वयंपाकघरात फिरत, पाठीमागे उजळ खिडकी ठेवून बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत आणि कमी ऐकू येणारे लोक नकळत ओठ वाचत असतात. बोलणाऱ्याने उजेडाकडे तोंड करून, माइक तोंडाजवळ ठेवून, किंचित सावकाश बोलावे. ओरडू नये, कारण ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात आणि ओठांचे आकार बिघडतात. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी शब्द बदलावेत: “साखर किती आली?” ऐवजी “रक्त तपासलं ना, त्यात शुगर किती निघाली?” नातवंडे एकदम बोलू लागली, की ॲप एकाचा आवाज दाबते, म्हणून एका वेळी एकानेच बोलावे.

पंखा, टीव्ही आणि कुकर यांचा आवाज श्रवणयंत्रही वाढवते. कॉलपुरता पंखा कमी करावा.

कॅप्शन इंग्रजीवर ठेवून मराठी बोलणे

कॅप्शन म्हणजे बोललेले शब्द पडद्यावर अक्षरांत दाखवण्याची सोय. ती इंग्रजीवर असताना मराठी बोलल्यास पडद्यावर निरर्थक इंग्रजी शब्द उमटतात आणि वृद्ध माणूस अधिकच गोंधळतो. कॅप्शनची भाषा बोलल्या जाणाऱ्या भाषेप्रमाणे निवडावी. ॲपमध्ये मराठी नसेल, तर अँड्रॉइड मोबाइलवरचे ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ (ऐकलेले बोलणे लिहून दाखवणारे ॲप) मराठीवर लावून मोबाइल स्पीकरजवळ ठेवावा, अक्षर मोठे करावे. नावे चुकतात, पण विषय कळतो.

“ऐकू येतंय ना?” असे विचारणे

याचे उत्तर नेहमी “हो” असेच येते, कारण मुलांना त्रास नको असे आई-वडिलांना वाटते. त्याऐवजी “डॉक्टरांनी कोणत्या दिवशी बोलावलंय, सांग बरं,” असे विचारावे. तारीख, गोळ्यांची वेळ आणि आकडे चॅटमध्ये लिहून पाठवावेत. आता आत्याची मुलगी आकडे कोऱ्या कागदावर जाड स्केचपेनने लिहून कॅमेऱ्यासमोर धरते आणि आत्या ते मोठ्याने वाचून दाखवते.