वॉरंटीत चाकाचे बेअरिंग आणि ड्राइव्ह बेल्ट बदलून घेण्यापूर्वीची तयारी

मोटारसायकलच्या चाकातले बेअरिंग एकदा काढले की ते सहसा पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, घट्ट बसलेले बेअरिंग बाहेर काढताना सगळा मार त्याच्या आतल्या रेसवर (गोळ्या जिच्यावर फिरतात त्या कडीवर) बसतो, तो गोळ्यांमधून बाहेरच्या रेसपर्यंत जातो आणि दोन्ही रेसवर गोळ्यांचे खळगे उमटतात. त्यामुळे बेअरिंग मुळात सदोष होते, आत पाणी शिरून गेले होते की वापराने झिजले होते, हे ठरवण्याचा बराचसा पुरावा ते काढतानाच पुसला जातो. वॉरंटीचा दावा मात्र नेमक्या याच प्रश्नावर मान्य किंवा अमान्य होत असतो. म्हणून या कामाची मुख्य तयारी चाक जागेवर असतानाच उरकावी लागते.

सर्वप्रथम वॉरंटीची पुस्तिका काढावी आणि विक्रेत्याने तोंडी काय सांगितले होते ते बाजूला ठेवून ती शब्दशः वाचावी. मुदत सहसा महिने किंवा वर्षे आणि किलोमीटर अशा दोन मापांत दिलेली असते आणि त्यांतले जे आधी पूर्ण होईल तिथे वॉरंटी संपते. त्यामुळे खरेदीची तारीख आणि आजचा ओडोमीटरचा आकडा यांची नोंद एकत्र करून ठेवावी. वापराने झिजणाऱ्या भागांची यादी पुस्तिकेत बहुधा वेगळी असते. तीत ब्रेक पॅड, टायर आणि क्लच प्लेट यांच्या शेजारी ड्राइव्ह बेल्ट (साखळीऐवजी मागचे चाक फिरवणारा दातेरी पट्टा) आहे का, बेअरिंगचा स्पष्ट उल्लेख आहे का आणि असल्यास तो कोणत्या शब्दांत आहे, हे तपासावे. एखादा भाग त्या यादीत असला तरी त्यातला उत्पादनदोष वॉरंटीत धरला जातो का, हे त्याच पानावर किंवा पुढच्या कलमात पाहावे, कारण नैसर्गिक झीज आणि सदोष घडण या दोन गोष्टी बहुतेक पुस्तिकांमध्ये वेगवेगळ्या मांडलेल्या असतात. वाढीव वॉरंटी घेतलेली असेल, तर तिची कलमे मूळ वॉरंटीसारखीच असतील असे गृहीत धरू नये.

याच टप्प्यावर आपल्या चॅसिस नंबरसाठी कंपनीने एखादी रिकॉल (सदोष गाड्या परत बोलावण्याची) किंवा विशेष दुरुस्ती मोहीम जाहीर केली आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला लेखी विचारावे. तशी मोहीम असेल तर झिजेचा वादच उरत नाही. सर्व्हिसच्या सर्व पावत्या तारखेप्रमाणे लावाव्यात, आणि ज्या पावतीवर बेल्टचा ताण तपासल्याची, तो कमीजास्त केल्याची किंवा मागचे चाक काढल्याची नोंद आहे, तिच्यावर खूण करावी. बेल्टची कड झिजली असेल तर ती पावती पुढे फार उपयोगी पडते.

तक्रारीचा मजकूर घरीच लिहून न्यावा, आणि त्यात निदान करू नये. ‘बेअरिंग झिजले आहे, बदलून द्या’ असे लिहिणारा ग्राहक आपल्याच हाताने भागाला झीज झाल्याचे मान्य करतो. त्याऐवजी दिसते ते लिहावे: मागच्या चाकाला आडवा प्ले (ढिलेपणा) आहे, चाक हाताने फिरवल्यावर खरखर ऐकू येते, आवाज वेगाप्रमाणे वाढतो, क्लच दाबला तरी जात नाही. कारण शोधणे हे तपासणाऱ्याचे काम आहे.

ही लक्षणे आपण स्वतः नीट पाहिलेली असावीत. मोटारसायकल भक्कम स्टँडवर घेऊन तपासायचे चाक जमिनीपासून उचलावे, टायर वर आणि खाली अशा समोरासमोरच्या दोन ठिकाणी धरून आलटून पालटून ढकलावा व ओढावा, मग हात पुढच्या आणि मागच्या बाजूला नेऊन तेच करावे. बेअरिंगमध्ये प्ले असेल तर हलकी टकटक हाताला जाणवते. मात्र पुढच्या चाकाचा प्ले आणि हँडलच्या बेअरिंगचा प्ले हातात जवळपास सारखाच लागतो, आणि मागे स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या) सांध्यातल्या बुशचा प्ले तशीच फसवणूक करतो. म्हणून दुसऱ्या माणसाने फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन दांडे) किंवा स्विंगआर्म घट्ट धरून ठेवावा आणि आपण एका हाताचे बोट हब व स्विंगआर्म यांच्यामधल्या फटीवर टेकवून ठेवावे. हब स्विंगआर्मच्या तुलनेत हलताना बोटाला कळले, तर दोष चाकातच आहे.

त्यानंतर चाक मोकळे फिरवून ऐकावे. ब्रेक पॅड डिस्कला घासल्याचा आवाज एकसारखा किंवा प्रत्येक फेऱ्यात एकदा येणारा ‘सर्र’ असा असतो, तर खराब बेअरिंगची खरखर चाक हळू होत थांबेपर्यंत आत कुठेतरी चालूच राहते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक चाक फिरत असताना ॲक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) स्थिर टोकाला टेकवून मूठ कानाशी धरली, तर डाव्या बाजूचे बेअरिंग बोलते आहे की उजव्या, हेही पुष्कळदा समजते. या तपासणीचा आवाजासह व्हिडिओ घ्यावा आणि तो सुरू करताना ओडोमीटर व चॅसिस नंबर एकाच सलग चित्रणात दाखवावेत, म्हणजे ही गाडी कोणती आणि केव्हाची असा प्रश्न पुढे निघत नाही.

बेल्टची तपासणी थंड बेल्टवर करावी. बेल्ट कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्यावा, बाहेरच्या बाजूला खडूने एक रेघ मारावी आणि ती रेघ पुन्हा समोर येईपर्यंत चाक हाताने सावकाश फिरवत, टॉर्चच्या तिरप्या उजेडात दात, दातांच्या मुळांतली खाच आणि दोन्ही कडा पाहाव्यात. चाकाचा एक फेरा म्हणजे बेल्टचा एक फेरा नव्हे. बेल्टची लांबी चाकावरच्या पुलीच्या (बेल्ट जिच्यावर बसतो त्या दातेरी चकतीच्या) परिघापेक्षा मोठी असल्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात त्याचा काही भाग पाहायचा राहूनच जातो. दातांच्या मुळाशी केसासारखी बारीक रेघ, बाहेरून आरपार दिसणारी भेग, गळालेला दात, हुकासारखी वाकडी झिजलेली दाताची बाजू, कडेला निघालेले तंतू आणि खडा अडकून पडलेले भोक या सहा गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि प्रत्येकीचे जवळून व थोडे लांबून असे दोन फोटो हवेत. खड्याने पडलेले भोक बाहेरून झालेले नुकसान मानले जाते आणि त्यावर वॉरंटी मिळण्याची आशा धरू नये, हे आधीच मान्य केलेले बरे. एकाच कडेचे निघालेले तंतू मात्र बेल्ट पुलीवर सरळ धावत नसल्याचे दाखवतात, आणि चाकाला सर्व्हिस सेंटरखेरीज कोणी हात लावला नसेल, तर वर खूण केलेली पावती इथे बोलते.

बेल्टचा ताण हा या सगळ्या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि माझ्या मते दाव्याचा कणाही तोच. फार ताणलेला बेल्ट मागच्या चाकाच्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर सतत एकाच बाजूने भार टाकतो. ढिला बेल्ट दातांवरून उडी मारतो आणि दात खातो. उलट बेअरिंगला प्ले असेल तर चाक तिरके होते आणि बेल्ट एका कडेला सरकतो. म्हणून दोन्ही भाग एकाच सुमारास गेले असतील, तर दोन स्वतंत्र तक्रारी न करता एकाच तक्रारीत दोन्ही लक्षणे लिहावीत आणि कशामुळे काय झाले याची तपासणी मागावी, अन्यथा नवा बेल्ट जुन्या बेअरिंगवर किंवा नवे बेअरिंग चुकीच्या ताणाखाली बसवले जाते. ताण मोजण्याची रीत मॅन्युअलमध्ये असते: पुष्कळ मोटारसायकलींवर खालच्या पदराच्या मध्यावर सुमारे 4.5 किलो जोर लावून बेल्ट किती मिलिमीटर सरकतो ते पाहतात, काही कंपन्या बेल्ट छेडून त्याची कंपनसंख्या मोजायला सांगतात. चाक फिरवत बेल्ट सर्वांत घट्ट लागेल ती जागा शोधून तिथेच मोजावे आणि आकडा लिहून ठेवावा. ताण बदलणारा नट मात्र फिरवू नये. मोजायची मुभा आपल्याला आहे. बदल केला की पुरावाही आपणच बदलला असे होते.

याच कारणासाठी गाडी नेण्यापूर्वी प्रेशर वॉशरने धुऊ नये. जोराचा फवारा बेअरिंगच्या सीलच्या ओठातून पाणी आत ढकलतो, आणि मग आत सापडलेला गंज कालचा की वर्षाचा यावर वाद होतो. बेल्ट कुरकुरतो म्हणून त्यावर साखळीचा स्प्रे किंवा तेल मारू नये. दातेरी बेल्टला वंगण लागत नाही, आणि तेलाचा डाग दिसला की तपासणाऱ्याला कारण आयते मिळते. रुंद टायर किंवा वेगळी पुली बसवली असेल तर ती लपवण्यात अर्थ नाही, तिची पावती फाइलमध्ये ठेवावी.

आता भागांची यादी. पुढच्या चाकात सहसा दोन बेअरिंग असतात, मागच्या हबमध्ये दोन, आणि पुली रबर डॅम्परवर (धक्के शोषणाऱ्या रबरी तुकड्यांवर) बसत असेल तर तिच्या भागात आणखी एखादे. चाकातले एक गेले असले तरी त्या चाकातली सगळी एकत्र बदलावीत अशी मागणी करावी. बेअरिंगचा क्रमांक वाचता आला तर नंतर काय बसवले ते पडताळता येते. उदाहरणार्थ 6204 म्हणजे आतून 20, बाहेरून 47 आणि जाडीला 14 मिलिमीटर. 04 पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना 5 ने गुणले की आतला व्यास मिळतो, तर 6203 आणि 6202 यांचे व्यास अनुक्रमे 17 आणि 15 मिलिमीटर असतात. 2आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील आणि सी3 म्हणजे नेहमीपेक्षा थोडी जास्त अंतर्गत मोकळीक. यादीत सील, स्पेसर (भागांमध्ये अंतर राखणारी नळी), ॲक्सलची कॉटर पिन (नट सुटू न देणारी पिन) आणि डॅम्परचे रबर यांचाही समावेश करावा. पुली तपासून घ्यावी, कारण तिच्या खाचांतला कठीण मुलामा उडालेला असेल तर नवा बेल्ट त्यावर लवकर झिजतो.

काम सोपवताना मेकॅनिकला काही गोष्टी विनयाने पण स्पष्ट विचाराव्यात. नवे बेअरिंग बाहेरच्या रेसवरच दाब देऊन बसवले जाणार आहे ना, पहिले बेअरिंग हबच्या पायरीला टेकल्यावर मधली स्पेसर नळी टाकून दुसरे त्या नळीला टेकेपर्यंतच बसवले जाते ना, हे विचारण्यात काही गैर नाही. त्यापुढे ठोकले तर आतल्या रेसवर आडवा ताण राहतो आणि नवे बेअरिंगही लवकर जाते. जुने बेअरिंग हबमध्ये फिरू लागले असेल तर हबचे भोक मोठे झालेले असते आणि चाकच बदलावे लागू शकते, म्हणून तशा स्थितीत चाक दाव्यात धरले जाईल का, हे आधीच ठरवावे. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) काही गाड्यांमध्ये बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय कडे असते. ते उलटे बसता कामा नये आणि चुंबकी साधनाजवळ ठेवू नये. बेल्ट सलग असल्यामुळे तो बदलायला पुष्कळ गाड्यांमध्ये स्विंगआर्म सोडवावा लागतो, म्हणून मजुरी दाव्यात आहे का हा प्रश्न किरकोळ समजू नये. नवा बेल्ट ज्या वेष्टनात आला ते पाहावे. त्याच्यातले ॲरामिड किंवा कार्बनचे तंतू तीक्ष्ण घडी पडल्यास किंवा बेल्ट उलटा वाकवल्यास आतल्या आत तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. घडी घालून दोरीने बांधलेला बेल्ट स्वीकारू नये.

प्ले जाणवत असलेली गाडी चालवत नेण्याऐवजी वाहनावर घालून न्यावी. जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) आपला मजकूर जसाच्या तसा उतरला आहे याची खात्री करून प्रत घ्यावी. काढलेले भाग कंपनीकडे परत पाठवावे लागतात असे सांगितले गेल्यास ते बहुधा खरे असते, पण पाठवण्यापूर्वी त्यांचे फोटो मिळावेत अशी विनंती जॉब कार्डवरच लिहावी. दावा नाकारला गेला, तर कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या निरीक्षणावरून, हे लेखी मागावे.

गाडी परत घेताना, ती हलवण्यापूर्वी, ब्रेक आधी काही वेळा दाबून पाहावा, कारण चाक काढताना पॅड मागे सरकलेले असू शकतात. चाक फिरवून ऐकावे, ॲक्सल पक्का आवळल्यानंतरचा बेल्टचा ताण कार्डवर लिहिलेला आहे का ते पाहावे, आणि नव्या बेल्टचा ताण पुन्हा किती किलोमीटरनंतर तपासायचा ते विचारून घ्यावे. पावती शून्य रकमेची असली तरी तिच्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक, तारीख आणि किलोमीटर असावेत. नव्या भागांना मूळ वॉरंटीची उरलेली मुदत लागू होते की स्वतंत्र मुदत मिळते, हेही तिथेच लिहून घ्यावे.