सतरा वर्षांच्या पोरीला दिवस गेलेत? दवाखान्यात आधी खरं वय सांगा

घरात कळलं की पहिलं काय होतं, सासू म्हणते वीस सांगा, आई म्हणते आधारकार्ड दाखवूच नका. गडबड तिथंच होते. वीस लिहिलं की डॉक्टर तिला चारचौघींसारखंच तपासणार, सतरा लिहिलं तर जोखमीची म्हणून गरोदरपणाच्या तपासणीच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो आणि तिच्यावर लक्ष राहतं. पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची भीती वाटते, खोटी नाही ती, अठराच्या आतली असेल तर लग्न झालेलं असो नसो डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, पण त्यापायी उपचार नाकारता येत नाहीत.

आणि गर्भ ठेवायचा का नाही हे पोरीला विचारा ना कुणीतरी! अठराच्या आतल्या मुलीला 24 आठवड्यांपर्यंत कायद्याने गर्भपात करता येतो, 20 च्या पुढं दोन डॉक्टरांचं मत लागतं, पालकांची सही लागते. मेडिकलमधून गुपचूप आणलेल्या गोळ्या अजिबात नको.

ठेवायचा असेल तर 12 आठवड्यांच्या आत आशाताईकडं नाव नोंदवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी असते, ती चुकवू नका.

सगळ्यात जास्त घोळ रक्ताचा. पोरीचं स्वतःचंच अंग अजून वाढतंय, त्यात बाळ, म्हणजे एका ताटात दोघं जेवणार. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे कमी, 7 च्या खाली गेलं तर सरळ मोठ्या दवाखान्यात. लोहाची गोळी रोज एक, चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबत तर नकोच, लिंबूपाण्यासोबत छान. शी काळी होते म्हणून घाबरून बऱ्याच पोरी गोळ्या उकिरड्यावर टाकतात, अगं काळी होणारच, लोह आहे ते. ऊसतोडीला गेली असेल तर डोक्यावर मोळी नको आणि टोळी कुठंही जावो, तपासणीचं कार्ड पिशवीत पाहिजे.

दुसरं बीपी. 20 आठवड्यांनंतर 140/90 च्या वर गेलं, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं काजवे, तोंड सुजलंय, तर "पहिलटकरणीला होतंच असं" म्हणणाऱ्या मावशीला बाजूला बसवा आणि 108 ला फोन लावा, झटके यायची वाट बघायची नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ठीक आहे, पण माहेरजवळ सिझेरियनची आणि रक्ताची सोय कुठंय ते सातव्यातच बघून ठेवा, कोवळ्या वयात कंबरेचं हाड पुरतं भरलेलं नसतं, बाळ अडू शकतं. 37 आठवड्यांच्या आधी डिलिव्हरी होणं, बाळ अडीच किलोच्या आत भरणं हे पण या वयात जास्त. तसं झालं तर बाळ उघड्या छातीशी धरायचं, आंघोळीची घाई नको, आईचंच दूध, मध नाही, गुटी नाही.

दीड महिन्याच्या तपासणीला पाळणा लांबवायचं विचारा, कॉपर टी किंवा तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन सरकारीत फुकट मिळतं. नवरा नको म्हणत असेल तर त्यालाही न्या सोबत. लोहाच्या गोळ्या मात्र डिलिव्हरीनंतर पण 180 दिवस चालू ठेवायच्या, त्या परत उकिरड्यावर जात नाहीत ना तेवढं बघा.