वेग, अंतर आणि वेळ यांची शाब्दिक उदाहरणे: या चुका टाळा

अशा उदाहरणांत गुण बहुधा समीकरण मांडतानाच जातात. मात्र आलेले उत्तर नीट पाहिले, तर चूक नेमकी कोठे झाली हे त्यावरूनच कळते. एक उदाहरण घेऊ. एक बस १८० किमी अंतर एकसमान वेगाने जाते. तिचा वेग ताशी १० किमीने अधिक असता, तर तिला ३६ मिनिटे कमी लागली असती. बसचा वेग काढा.

वेग ताशी क्ष किमी मानल्यास दोन वेळा १८०/क्ष तास आणि १८०/(क्ष + १०) तास होतात. वेग कमी तेव्हा वेळ जास्त, म्हणून पहिल्या वेळेतून दुसरी वजा करायची. ‘क्ष + १०’ मोठे दिसते म्हणून अनेक विद्यार्थी उलट वजाबाकी करतात आणि समीकरण क्ष² + १०क्ष + ३००० = ० असे होते. त्याला वास्तव मुळेच नाहीत. असे झाले, तर आकडेमोड पुन्हा तपासण्याआधी वजाबाकीचा क्रम तपासावा.

उजव्या बाजूला ३६ तसेच ठेवले, तर बसचा वेग ताशी सुमारे ३.७ किमी येतो, म्हणजे माणसाच्या चालण्याहूनही कमी, आणि चूक लगेच लक्षात येते. खरा धोका ३६ मिनिटे म्हणजे ०.३६ तास असे लिहिण्यात आहे, कारण तेव्हा येणारा ताशी सुमारे ६६ किमी हा वेग अगदी संभवनीय वाटतो. ०.३६ तास म्हणजे २१.६ मिनिटे, ३६ मिनिटे म्हणजे ३६/६०, अर्थात ३/५ तास. योग्य समीकरण क्ष² + १०क्ष − ३००० = ० असून त्याची मुळे ५० आणि −६० आहेत. वेग ऋण नसतो, हे कारण लिहूनच −६० वगळावे. ताळा सोपा आहे: ताशी ५० किमी वेगाने ३ तास ३६ मिनिटे, ताशी ६० किमी वेगाने ३ तास.

जाताना ताशी ४० आणि त्याच रस्त्याने परतताना ताशी ६० किमी वेग असेल, तर सरासरी वेग ५० नव्हे, ४८ येतो. कमी वेगाच्या प्रवासाला वेळ अधिक लागतो, आणि एकूण अंतराला एकूण वेळेनेच भागायचे असते. नावेच्या उदाहरणात प्रवाहाचा वेग ऋण आला, तर प्रवाहाच्या दिशेचा आणि विरुद्ध दिशेचा वेग यांची अदलाबदल झाली आहे का, हे आधी पाहावे.