टेक्ससच्या कॅम्पसवर पिस्तूल: बाळगणाऱ्यांनी आणि न बाळगणाऱ्यांनीही काय सांभाळायचं

माझा भाचा एमएस करायला टेक्ससमध्ये आला, त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. रात्री साडेदहाला त्याचा फोन. "आत्या, उद्या रूममेट शूटिंग रेंजवर नेतोय. पिस्तूल तिथंच भाड्याने मिळतं. जाऊ ना?"

मी म्हटलं, "नाही. हातसुद्धा लावायचा नाही. आणि त्या मुलाचं स्वतःचं पिस्तूल आहे का? घरात कुठे असतं ते?"

"टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. आमचे चार्जरही तिथंच असतात."

त्या रात्री त्याला तासभर जे समजावलं, ते इथे नीट लिहून काढते. मी इथल्या एका सरकारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संध्याकाळच्या पाळीला काम करते. अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर, 2018 साली मी पिस्तूल बाळगायचं लायसन्स काढलं. मध्यरात्री कुलपं लावून लांबच्या पार्किंगपर्यंत एकटीने चालावं लागायचं आणि एका रात्री माझ्या मागे कोणीतरी गाडीपर्यंत आलं होतं, म्हणून काढलं. आजही मी ते रोज बाळगत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी आपला व्हिसा बघा

टेक्ससचा कायदा वाचायच्या आधी स्वतःचा पासपोर्ट उघडा. एफ-1, जे-1 किंवा एच-1बी व्हिसावर असाल, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही 'नॉनइमिग्रंट' आहात, आणि फेडरल कायदा तुम्हाला बंदूकही जवळ ठेवू देत नाही आणि काडतूसही. राज्याने कितीही सूट दिली तरी यात फरक पडत नाही. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणं हेही 'जवळ ठेवणं'च. मित्राचं पिस्तूल फोटोपुरतं हातात घेणं, तेही. 2022 पासून या गुन्ह्याला जास्तीत जास्त 15 वर्षं कैद आहे, आणि शिवाय देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका. फेसबुकवरचा हसरा फोटो हा पुरावा ठरू शकतो, हे मुलांच्या लक्षातच येत नाही.

शिकारीचं लायसन्स असणाऱ्यांसाठी या बंदीला एक अपवाद आहे. रूममेट हमखास तेच सांगतो. अपवाद खरा आहे, पण त्या वाटेने जायचंच असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. पंधरा वर्षांच्या शिक्षेचा प्रश्न ऐकीव माहितीवर सोडवायचा नसतो.

रूममेटचं पिस्तूल त्याच्या तिजोरीत असावं आणि तिचा नंबर तुम्हाला माहीत नसावा. सामाईक ड्रॉवरमध्ये, जिथे तुमचा हात रोज जातो, तिथे ते असेल तर ते तुमच्याही ताब्यात होतं असं म्हणायला जागा राहते. भाच्याला मी हे रूममेटला सरळ सांगायला लावलं: "माझ्या व्हिसाचा प्रश्न आहे." मुलगा भला निघाला, दुसऱ्याच दिवशी छोटी तिजोरी घेऊन आला. बहुतेक टेक्ससकर असेच असतात. त्यांना हा नियम माहीत नसतो, सांगितला की मान देतात.

ग्रीन कार्ड असलेले आणि नागरिक यांना ही बंदी लागू नाही. पुढचा बराचसा भाग त्यांच्यासाठी आहे, शेवटचा सगळ्यांसाठी.

कायदा कुठे लागतो, कुठे नाही

1 ऑगस्ट 1966 ला ऑस्टिनमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससच्या मनोऱ्यावरून चार्ल्स व्हिटमनने गोळीबार केला. त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, 1 ऑगस्ट 2016 ला, राज्याच्या सरकारी विद्यापीठांमध्ये 'कॅम्पस कॅरी', म्हणजे लायसन्स असलेल्यांना कॅम्पसवर झाकलेलं पिस्तूल बाळगू देणारा कायदा, लागू झाला. कायदा त्याच्या आदल्या वर्षीच, 'सिनेट बिल 11' म्हणून, मंजूर झाला होता. कम्युनिटी कॉलेजांना तो 2017 च्या ऑगस्टपासून लागला. खाजगी विद्यापीठांना नकार द्यायची मुभा आहे, आणि राइस, बेलर, सदर्न मेथडिस्ट यांच्यासह बहुतेकांनी नकारच दिला. म्हणजे एकाच शहरात रस्त्याच्या अलीकडच्या कॅम्पसवर चालतं ते पलीकडच्यावर गुन्हा असू शकतो.

राज्य बदललं की सगळी पाटी कोरी. जॉर्जियाने 2017 मध्ये परवानगी दिली, पण कुठे चालेल आणि कुठे नाही याची यादी त्यांची वेगळी. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय इथे कॅम्पसवर पिस्तूल नेण्याचा विचारही करू नका.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. सप्टेंबर 2021 पासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सशिवाय पिस्तूल बाळगता येतं. ही सूट कॉलेजच्या इमारतींना लागू नाही. कॅम्पसवर 'लायसन्स टू कॅरी', ज्याला सगळे एलटीसी म्हणतात, ते लागतंच. ते नसताना पिस्तूल घेऊन वर्गात पाऊल टाकलं तर तो तिसऱ्या दर्जाचा फेलनी, म्हणजे गंभीर, गुन्हा आहे: दोन ते दहा वर्षं. आणि लायसन्स असलं तरी कॅम्पसवर पिस्तूल उघडं दिसता कामा नये. कंबरेला लटकवून फिरणं बाहेर चालेल, इथे नाही, अगदी कॅम्पसच्या रस्त्यावर आणि पार्किंगमध्येसुद्धा नाही.

लायसन्स काढणं अवघड नाही. अर्ज डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीकडे, फी 40 डॉलर, बोटांचे ठसे, चार ते सहा तासांचा वर्ग आणि मग रेंजवरची परीक्षा: 3, 7 आणि 15 यार्डांवरून मिळून 50 गोळ्या, 250 पैकी 175 गुण. मला विचाराल तर ही परीक्षा फार सोपी आहे. ती पास झालात म्हणजे तुम्ही तयार झालात असं समजू नका.

घरातून निघायच्या आधी दिवस आखा

इतक्या वर्षांत मला पटलेली गोष्ट एकच आहे. पिस्तूल होल्स्टरमध्ये (पट्ट्याला लावायच्या म्यानात), कपड्याखाली, अंगावर शांत बसलेलं असतं तेव्हा धोका कमी असतो. धोका असतो तो काढताना आणि परत ठेवताना. आणि कॅम्पसवर मनाई असलेली ठिकाणं इतकी आहेत की आखणी न करता निघालात तर दिवसभरात चारदा काढावं लागेल. म्हणून नियम वाचायचे ते "आज मला ते मधेच कुठे काढावं लागेल का" हा प्रश्न डोक्यात ठेवून. लागणार असेल, तर त्या दिवशी ते घरीच राहू द्या. मी फक्त उशिराच्या पाळीच्या दिवशी बाळगते, आणि त्या दिवशी दुसरीकडे कुठेही जात नाही.

प्रत्येक विद्यापीठाचे मनाईचे भाग वेगळे असतात आणि ते त्याच्या संकेतस्थळावर असतात. तरी साधारण हे धरून चाला: सामने, रुग्ण तपासण्याच्या जागा, धोकादायक रसायनांच्या प्रयोगशाळा, शाळकरी मुलांचे कार्यक्रम. वसतिगृहांचे नियम तर प्रत्येक ठिकाणी निराळे, तिथे अंदाज चालत नाही. दारावरची '30.06' ही मनाईची पाटी ओळखायला शिका. दंडसंहितेच्या कलमाचा तो आकडा आहे. पाटी इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, किमान एक इंच उंचीच्या ठळक अक्षरांत असते. पण दरवेळी पाटीच असेल असं नाही. ऑस्टिनच्या विद्यापीठात एकट्याचं ऑफिस असलेला प्राध्यापक तोंडी सांगून मनाई करू शकतो. त्याने सांगितलं की वाद घालायचा नाही, "दुसरीकडे भेटूया का?" एवढंच विचारायचं.

काही मनाया तारखेप्रमाणे उगवतात, आणि लोक तिथेच चुकतात. निवडणुकीच्या काळात कॅम्पसवरच्या एखाद्या इमारतीत मतदान केंद्र असतं. मुदतपूर्व मतदानाच्या दिवसांतही तिथे पिस्तूल न्यायचं नाही, लायसन्स असो वा नसो. उन्हाळ्यात शाळकरी मुलांची शिबिरं भरतात. काल मोकळी असलेली इमारत आज मनाईत येऊ शकते.

आता होल्स्टर. ट्रिगर आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकली जाईल असं, कडक, पिस्तुलाला घट्ट धरून ठेवणारं होल्स्टर घ्या. ऑस्टिनच्या विद्यापीठाने हे नियमातच लिहिलं आहे. खिशात नुसतं टाकायचं नाही. 2014 च्या सप्टेंबरमध्ये आयडाहो स्टेट युनिव्हर्सिटीत एका प्राध्यापकाच्या खिशातलं पिस्तूल भर वर्गात उडालं आणि गोळी त्याच्याच पायात गेली. तिथे कायदा लागू होऊन तेव्हा दोन-तीन महिने झाले होते. टेक्ससमध्येही 2016 च्या सप्टेंबरमध्ये टार्लटन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहात एका विद्यार्थ्याच्या हातून चुकून गोळी सुटली. सुदैवाने कोणाला लागली नाही.

कपड्यांची परीक्षा आरशासमोर उभं राहून होत नाही. वाका, खाली बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या. पहिल्याच महिन्यात मी सगळ्यात वरच्या फळीवर पुस्तक ठेवत होते आणि कुर्ता वर सरकला. समोरच्या टेबलावरची मुलगी ताठ झाली, तिने हळूच लॅपटॉप मिटला आणि उठून गेली. अनवधानाने दिसलं तर तो गुन्हा धरत नाहीत, पण त्या मुलीने पोलिसांना फोन केला असता तर तिचं काहीच चुकलं नसतं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. त्यानंतर मी लांब, जाड कापडाचे, बाजूला चिरा नसलेले कुर्ते शिवून घेतले आणि होल्स्टरसाठी कडक पट्टा घेतला.

पर्समध्ये किंवा पाठीवरच्या बॅगेत ठेवणं मला मान्य नाही. कायदा म्हणतो, ते अंगावर किंवा हात पोचेल इतकं जवळ असलं पाहिजे. आमच्या ग्रंथालयात मुलं जागा अडवायला टेबलावर बॅग ठेवून खुशाल कॉफी प्यायला जातात. त्या सवयीच्या माणसाने बॅगेत पिस्तूल ठेवूच नये.

आणि स्वच्छतागृह. याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचं नाही. हुकाला अडकवायचं नाही, टाकीवर किंवा कागदाच्या डब्यावर ठेवायचं नाही. पँट खाली घेतल्यावर ते होल्स्टरसकट पट्ट्यातच, गुडघ्यांच्या मधे राहू द्यायचं. शेजारच्या दारातून दिसणार नाही आणि विसरून उठता येणार नाही.

गाडीत ठेवावंच लागलं तर सीटच्या सांगाड्याला जाड तारेने बांधलेल्या पोलादी डब्यात, कुलूप लावून ठेवा. आणि हे कॅम्पसच्या पार्किंगमध्ये लोकांसमोर नको, घरून निघतानाच करा. पोलिसाने थांबवलं तर हात स्टिअरिंगवर. तुमच्याजवळ पिस्तूल असेल आणि त्याने ओळखपत्र मागितलं, तर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर एलटीसीही द्यावंच लागतं. पिस्तूल कुठे आहे ते तोंडाने सांगा, हाताने दाखवू नका. दारू प्यायला जायचं असेल त्या दिवशी पिस्तूल घरी.

तुम्ही बाळगत नसाल तर

वर्गात कोणाकडे आहे हे तुम्हाला कळणार नाही, आणि कायद्याची अपेक्षाही तीच आहे. लायसन्सधारकांची नावं गोपनीय असतात. "तुझ्याकडे आहे का?" असं वर्गात कोणाला विचारू नका. शिकवणीचं काम करत असाल तर मुळीच नको.

कोणाचं चुकून दिसलं तर त्याला हटकायचं नाही. शांतपणे उठा, बाहेर या, कॅम्पस पोलिसांना किंवा 911 ला फोन करा. इमारत, मजला, त्या माणसाचे कपडे आणि पिस्तूल हातात आहे की कंबरेला, एवढं सांगा. कंबरेला की हातात, यावर पोलीस कोणत्या तयारीने येतील ते ठरतं. ते आले की तुमचे हात रिकामे आणि दिसतील असे ठेवा. फोनसुद्धा खाली.

स्वच्छतागृहाबद्दल मी एवढं का लिहिलं ते सांगते. एका रात्री आमच्याकडे काम करणारी विद्यार्थिनी काउंटरवर आली. हातात कागदी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. "कोणीतरी विसरून गेलंय," म्हणाली आणि माझ्यासमोर ठेवलं. टॉवेल थोडा सुटला तेव्हा आतलं काळं पिस्तूल मला दिसलं. भरलेलं. त्याचं तोंड सहा मुलं बसलेल्या टेबलाकडे होतं. मुलगी एफ-1 वर होती. तिला वाटलं, ती मदतच करते आहे. मी तिला बाजूला घेतलं, त्या सहा जणांना उठवलं आणि पोलिसांना बोलावलं. तिला त्रास झाला नाही, पण तिचा जबाब घेतला गेला आणि ती रात्रभर झोपली नाही.

तेव्हापासून माझ्या पाळीत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी हे सांगते: पिस्तूल दिसलं तर हात लावायचा नाही, सरकवायचंही नाही. दारात उभं राहायचं, कोणाला आत सोडायचं नाही, आणि जो पहिला दिसेल त्याला फोन करायला पाठवायचं. पोलीस येईपर्यंत जागा सोडायची नाही.